अस्सल आणि सांभाळ

अस्सल हा शब्द आपल्याकडे फार महागडा आहे. दुकानदार तो तुपाला आणि पैठणीला लावतो तेव्हा किंमत वाढते. वडीलधारी माणसे तो घराण्याला लावतात तेव्हा सोयरीक जमते किंवा मोडते. उलट नक्कल म्हटली की मान खाली. बहुरूपी आणि नाटकमंडळी सोडली तर नक्कल करून कोणी प्रतिष्ठा मिळवल्याचे ऐकिवात नाही. शाळेत तर नक्कल करणाऱ्याला आम्ही परीक्षेच्या खोलीतून बाहेर काढतो. मूळ असेल ते खरे आणि त्यावरून केलेले ते खोटे, ही वाटणी इतकी सरळ आहे काय? हा प्रश्न मला कोणा तत्त्वज्ञाने घातला नाही. तो घातला एका मोटारसायकलीने, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ ती रोज सकाळी तो नव्याने घालते आहे.

ती १९९० सालची बुलेट आहे. पाटीवर एम. एच. २२, म्हणजे परभणी. कारण ती रस्त्यावर आली तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ रोजी आमचा जिल्हा वेगळा झाला आणि इथल्या नव्या गाड्यांना ३८ हा आकडा मिळाला. हिचा जिल्हा बदलला, पाटी बदलली नाही. पहिला मालक वसमतच्या बाजूचा हळदीचा व्यापारी. त्याच्या मुलांना चारचाकीची हौस, म्हणून २००९ साली ती माझ्या दारी आली. त्याच वर्षी कंपनीने ‘क्लासिक’ नावाची नवी गाडी काढली होती: आत नवे इंजिन आणि अंगावर पन्नास वर्षांपूर्वीचे रूप. ज्यांना नवे परवडत होते ते जुन्यासारखे दिसणारे नवे घेत होते, आणि ज्याला नवे परवडत नव्हते त्या माझ्यासारख्याला खरोखरीचे जुने मिळत होते. नक्कल कोणाच्या दारात उभी होती, हे तेव्हाच विचारायला हवे असे कोणी म्हणेल.

हिच्या स्वभावाविषयी लिहिण्यापूर्वी एक सांगितले पाहिजे, की दोष कारखान्याचा नाही. पस्तीस वर्षे खडी, धूळ आणि भेसळीचे तेल खाल्लेल्या कोणत्याही जिवाचा स्वभाव थोडा तऱ्हेवाईक व्हायचाच. हिला नुसती किक मारून चालत नाही. आधी किक हळूहळू दाबत आणायची. दिव्याच्या वरच्या भागात अँमीटरचा काटा असतो, तो मधोमध आला की थांबायचे. मग हँडलवरची डिकॉम्प्रेशनची छोटी दांडी दाबायची, कोंडलेली हवा फुसकन सोडायची, पिस्टन माथ्यावरून किंचित पुढे न्यायचा, दांडी सोडायची, किक पुरती वर येऊ द्यायची, आणि मग पायाचा नव्हे तर सगळ्या अंगाचा भार एकदाच. यातली एक पायरी गाळली तर किक उलटी येते आणि नडगी महिनाभर तिची आठवण ठेवते. चार दिवस उभी राहिली तर ऑइल आपली जागा सोडून क्रँककेसमध्ये उतरते, आणि सुरू झाल्यावर गल्लीत असा धूर होतो की शेजारच्या काकू वाळत घातलेल्या कुरडया आत नेतात. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. त्यामुळे मित्र मागत नाहीत, हा एक फायदा.

इंजिन हवेवर थंड होणारे. पाणी नाही, पंखा नाही. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरभोवती पातळ पात्यांची चळत असते. आतली उष्णता त्या पात्यांच्या पृष्ठभागावर पसरते आणि समोरून येणारा वारा ती घेऊन जातो. यातली गंमत अशी, की चालत राहील तोवर ती थंड राहते आणि उभी ठेवली की तापते. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. तेव्हा एखाद्या वरातीमागे अडकलो, की नवरदेवाच्या घोड्यापेक्षा मला माझ्या घोड्याची काळजी. इंजिन बंद करावे तर पुन्हा सगळ्यांदेखत काटा मधोमध आणण्यापासून सुरुवात. चालू ठेवावे तर सिलिंडर तापून आवाज बदलू लागतो. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीला परिस्थितीशी कर्तव्य नसते. ती आपला थंडावा बरोबर घेऊन हिंडते. हिला भोवतीच्या हवेशी जमवून घ्यावे लागते.

आता नकलेकडे येतो. बुलेट मूळची इंग्लंडची, रेडिच गावची. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारला सीमेवरच्या गस्तीसाठी मजबूत मोटारसायकल हवी होती. या गाडीची निवड झाली आणि १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. सुरुवातीला पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. पुढे भागही इथेच घडू लागले. त्या दिवसांत मद्रासची गाडी म्हणजे नक्कल आणि रेडिचची म्हणजे अस्सल, याविषयी कोणाच्याही मनात शंका नसणार. पण इंग्लंडमध्ये माणसांना मोटारी परवडू लागल्या, पुढे जपानी मोटारसायकली आल्या, आणि १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला. थोड्याच वर्षांत ती मूळ कंपनीही मिटली. मद्रासला मात्र तेच सत्तर मिलिमीटर व्यासाचे आणि नव्वद मिलिमीटर धावेचे सिलिंडर ओतले जात राहिले. १९७७ साली तर इथली बुलेट इंग्लंडला विकायला गेली. ज्या गावाने हिला जन्म दिला त्या देशातल्या हौशी लोकांनी ती पैसे मोजून घेतली. तिला आता नक्कल म्हणायचे, तर अस्सल कोठे आहे ते दाखवले पाहिजे.

परदेशात याहून मजेदार एक प्रकार आहे. पोर्शे ३५६ नावाची एक देखणी, लहानशी शर्यती मोटार १९४८ ते १९६५ या काळात होऊन गेली. तिचे इंजिन मागे आणि तेही हवेवर थंड होणारे. आज ती लाखो रुपयांतही मिळायची नाही, म्हणून हौशी लोक फोक्सवॅगन बीटल या साध्यासुध्या गाडीचा सांगाडा आणि इंजिन घेतात आणि त्यावर फायबरचे तसेच हुबेहूब अंग चढवतात. अस्सल गाडीचे मालक या मंडळींना पंक्तीला घेत नाहीत. वास्तविक पहिल्या ३५६ गाड्या बीटलचेच सुटे भाग उसने घेऊन बांधल्या होत्या, आणि बीटलचा आराखडा करणारे फर्डिनांड पोर्शे हे त्याच घराण्याचे मूळपुरुष. म्हणजे ही नक्कल लबाडीने दुसऱ्याच्या घरात शिरलेली नाही. ती आजीच्या घरी परत गेलेली आहे. पण पंक्तीचे नियम असे सहजासहजी बदलत नाहीत, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

माझ्यापुढे हा प्रश्न व्यवहाराच्या रूपाने आला तो पुण्याच्या एका गृहस्थांमुळे. जुन्या बुलेट गोळा करणे हा त्यांचा छंद. फोटो पाहून त्यांनी माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक रक्कम सांगितली आणि एकच विचारले, “गुरुजी, ओरिजिनल किती आहे?” मी खरे ते सांगितले. मागचा मडगार्ड आमच्या गावच्या पत्रेवाल्याने ठोकून केलेला. सीटचे चामडे चपला शिवणाऱ्याने शिवलेले. किकची दांडी हिंगोलीच्या भंगारातून आलेली. एक बुश मिस्त्रींनी लेथवर कातून बसवलेला, सिलिंडर दोनदा बोअर झालेला, वायरिंग सबंध नवे. ते म्हणाले, “हरकत नाही, ते सगळं काढून टाकू. कारखान्यातून निघाली तशी करू.” बोलणे अत्यंत सौजन्याचे होते; त्यांचे प्रेमही खोटे नव्हते. पण ‘ते सगळं’ म्हणजे माझ्या हिशेबाने गाडीच होती.

हा वाद फार जुना आहे. मिलिंद राजाने नागसेन भिक्षूला प्रश्न विचारले, त्यांत रथाचा प्रसंग आहे. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी त्याच्या हाती रथ हे नुसते नाव उरते. आमच्या वाहनखात्याला मात्र एवढी हताश होण्याची परवानगी नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, तेव्हा चेसिसवर कोरलेल्या आकड्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. तो जुळला की गाडी तीच. बाकी अंगावर काय उरले आहे याच्याशी त्यांचे फारसे भांडण नाही. नागसेनाला नाव सापडले, खात्याला नंबर. दोघांनीही एक गोष्ट विचारली नाही: हा रथ इतकी वर्षे चालता कोणी ठेवला?

औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडे पाहताना मला हे नेहमी आठवते. खालचे सगळे कोरीव काळ्या दगडाचे, यादवकाळचे. वरचा भाग पुष्कळ नंतर बांधलेला, पांढरा, वेगळ्याच हाताचा. सांधा स्पष्ट दिसतो, कोणी लपवलेला नाही. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला असे आमच्याकडे सांगतात. जीर्णोद्धार हा शब्द पाहा: जे जीर्ण आहे त्याचा उद्धार, त्याला होते तसे करणे नव्हे. अरुंद वाटेने खाली गाभाऱ्यात उतरणारी म्हातारी वरचे शिखर कोणत्या शतकातले असे विचारत नाही, आणि तिच्या न विचारण्यात अडाणीपणा आहे असे मला वाटत नाही. त्याच औंढ्याजवळ गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तिचे हात चार-चार किलोमीटरांचे, अमेरिकेतल्या दोन वेधशाळांच्या नमुन्यावरच. तिथे तर नक्कल हाच गुण आहे. एकट्या यंत्राने सांगितलेली थरथर शास्त्रज्ञ सहसा पुरेसा पुरावा मानत नाहीत. दूरवर उभ्या असलेल्या तशाच दुसऱ्या यंत्राची साक्ष त्यांना हवी असते.

इथवर लिहिलेले मी घरी वाचून दाखवले. आई म्हणाली, “एवढ्या पैशात बैल ठेवला असता तर शेण तरी मिळालं असतं.” हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही, कारण आई शेतकऱ्याची मुलगी आहे आणि तिला सांभाळ म्हणजे काय ते माझ्याहून अधिक कळते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. ते चोळताना आजोबा बोटांनी गाठ शोधायचे असे ती सांगते. पूजा आणि तपासणी एकाच हाताने. ज्यांच्याकडे बैल नाहीत ते मातीचे बैल पुजतात, आणि त्या नकलेला कोणी हसत नाही. पण आईचे म्हणणे असे, की मातीच्या बैलाला वर्षभर वैरण लागत नाही म्हणून ते पुजणे सोपे. तुझा हा लोखंडी बैल मात्र वैरण मागतो आणि औत ओढत नाही.

पत्नीचा आक्षेप याहून जड होता. ती म्हणाली, “अहो, तिचे रुसवे तुम्हांला कौतुकाचे वाटतात. माणसाने तसेच केले तर घरात किती दिवस चालेल?”

यावर मी पुष्कळ विचार केला. गाडी सकाळी सुरू झाली नाही तर आपण काय करतो? प्लग काढून पाहतो. ठिणगी येते का, पेट्रोल येते का, पॉइंटवर काजळी धरली आहे का. गाडीला कोणी आळशी म्हणत नाही, निदान मनापासून म्हणत नाही. बिघाडाला कारण असलेच पाहिजे आणि ते सापडलेच पाहिजे, अशी आपली श्रद्धा असते. माणूस सुरू झाला नाही की मात्र आपण कारण शोधत नाही. स्वभाव शोधतो, आणि तो ताबडतोब सापडतो. मूल चौकात बोलत नाही: भित्रे. सून हसत नाही: आखडू. स्वभाव हे एकदा नाव मिळाले की पाना खाली ठेवायला मोकळे.

आमच्या भागातली काही कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुलेही जातात. वर्गातली बाके रिकामी होतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ती मुले परत येतात तेव्हा पाढे गेलेले असतात, अक्षर गेलेले असते, कधी कधी बोलणेच गेलेले असते. शिक्षकांच्या खोलीत अशा मुलाविषयी ‘याच्या डोक्यात काही राहत नाही’ हे वाक्य मी अनेक वर्षे, अनेक शाळांत ऐकले आहे. तेच शिक्षक मधल्या सुट्टीत माझ्या गाडीभोवती जमून एवढ्याशा खोकल्याची सहा कारणे सांगतात. चाचांचे, म्हणजे आमच्या मिस्त्रींचे, म्हणणे असे की पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून जुन्या कार्ब्युरेटरांतली रबरे फुगतात. असेलही. तो इथेनॉल उसातूनही निघतो. त्या ऊसतोडीने माझ्या गाडीचा श्वास अडकतो आणि माझ्या विद्यार्थ्याचाही. फरक एवढाच की गाडीला चाचा आहेत.

तेव्हा पत्नीच्या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर असे, की लोखंडावर केलेली माया माणसांच्या वाट्यातून चोरलेली असते असे नाही. पण ती तिथेच थांबली तर खचित चोरलेली असते. हे उत्तर तिला पुरते पटलेले नाही. ती म्हणते, रविवारी बघू.

देवराष्ट्र्याच्या गाडीची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. सांगली जिल्ह्यातल्या या गावी लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने, फारसे शालेय शिक्षण नसताना, मुलाच्या हौसेखातर भंगारातले भाग जुळवून चारचाकी बांधली. सुमारे साठ हजार रुपये खर्च. चेहरा जीपचा आणि सुरू करायला दुचाकीसारखी किक. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्र यांनी तिची चित्रफीत लोकांपुढे ठेवली, ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल असेही लिहिले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती अदलाबदल झाली. सगळीकडे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. घरातल्या माणसांना सुरक्षित वाहन मिळाले. तरी मला त्या बातमीत एक जागा रिकामी वाटते. कारखान्याच्या संग्रहात उभी असलेली ती घरगुती गाडी आता अस्सल वस्तू झाली, एकमेव, अमूल्य. पण तिला किक मारताना कोणता कान द्यायचा, कोणती तार किती ताणायची, हे तिच्याबरोबर गेले काय? ते त्या लोहाराच्या हातात राहिले असणार. बोलेरोला त्याची गरज नाही.

माझी अडचण नेमकी हीच आहे. चाचांना आता दिसत नाही. पॉइंटमधले अंतर जेमतेम चार दशांश मिलिमीटर लागते, ते पूर्वी नुसत्या नजरेने लावत, आता पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून बोटाने अंदाज घेतात आणि मला विचारतात, “गुरुजी, ठिणगी निळी आहे की पिवळी?” मुलगा चाकणला कारखान्यात आहे, चांगला पगार आहे, परत येणार नाही, आणि का यावे? पुण्याच्या गृहस्थांकडे गेली तर गाडी सुखात राहील, छपराखाली राहील, वर्षातून दोनदा प्रदर्शनात जाईल. आमच्याकडे राहिली तर तिचे आयुष्य चाचांच्या आयुष्याएवढे, असे गावात उघड बोलतात. मी त्या गृहस्थांना कळवले, की दिवाळीच्या सुट्टीत या, मडगार्ड ज्याने ठोकला त्याला भेटा, एकदा स्वतः किक मारा आणि मग बोलू. त्यांचे अजून उत्तर नाही.

तोवर दर रविवारी सकाळी मी चाचांच्या दुकानी जातो. गेल्या महिन्यापासून दहावीतली एक मुलगीही येते. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे आणि पट्ट्याचा आवाज बदलला की तिला आधी कळते. चाचा खाटेवर बसतात. इंजिन थंड असले पाहिजे, हा पहिला नियम. टॅपेटचे झाकण उघडायचे, दोन पाने घेऊन नट सैल करायचा, आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. वर-खाली हलता कामा नये, पण गोल मात्र सहज फिरला पाहिजे. परवा माझ्यानंतर तिने फिरवला. चाचांनी डोळे मिटले होते.

“फिरतो?”

“फिरतो, चाचा.”

“अडकत फिरतो का सुटा फिरतो?”

तिने पुन्हा फिरवून पाहिला, थोडा वेळ घेतला. “अर्धा फेरा सुटा. मग जरासा अडकतो.”

“मग अजून एक केसभर,” चाचा म्हणाले, आणि तिने पाना उचलला.